चादर धरणारीचं बक्षीस

चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

सगळ्यांत आधी, आज सकाळी दारात कोण टपकलं सांगू? मोठी सिस्टर! मी जिथे एकवीस दिवस पडून होते त्या इस्पितळातली, सगळ्या नर्सांवर हुकूम चालवणारी, तीच. दारात उभी, आणि चेहरा असा की जणू मी तिची तिजोरी फोडली. (तिजोरी नाही गं फोडली, नुसतं तिचं बक्षीस उचलून आणलं. ते पुढे येतंच.) बघ, तुझी खुशाली विचारायची राहिली. गुडघे कसे आहेत? तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का? माझं खुब्याचं हाड जुळलं, वॉकर आपटत घरभर हिंडते, सून म्हणते सासूबाई, हळू, फरशी फुटेल. एकूण मजेत आहे, फक्त रागावलेली आहे. इतकी रागावलेली की गेले चार दिवस खुबा दुखतोय हेसुद्धा विसरले.

तर ऐक. माझी खाट सातवी. समोर चादरींचं कपाट. तिथे एक मावशी काम करते, म्हणजे लादी पुसणं, भांडं देणं, चादरी बदलणं. मोठ्या डॉक्टरापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. आता तिथली रीत सांगते. कुणा नर्सला कुणी झाडलं, की ती पोरगी डोळे पुसत कपाटाशी येते. मावशी काही विचारत नाही. नुसतं म्हणते, "ये गं, चादर धर." मोठी चादर, एकटीला घडी जमत नाही, दोघी लागतात. टोकं जुळवत जवळ यायचं, मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं. मध्ये चादर ताणलेली, त्यामुळे पलीकडून कुणाला रडणं दिसत नाही. तिसऱ्या चादरीला पोरगी नाक पुसते, चौथीला बोलायला लागते, पाचवीला हसते. आणि घडी घालायला चादरी उरल्या नाहीत ना, तर मावशी घातलेल्या घड्या मोडते! मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर तो उंच डॉक्टर आला, पेशंट गेला होता त्याचा. पठ्ठ्याने अकरा चादरी घातल्या. बारावी मी माझ्या अंगावरची काढून दिली. (गारठले, पण दिली.)

मग भिंतीवर कागद लागला. जो कर्मचारी सोबतच्यांना आधार देतो, कामाची जागा चांगली ठेवतो, त्याला बक्षीस. अर्ज पेटीत टाका. मला तर आनंदाचं भरतंच आलं! आपली शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी, पण मी खाटेवर बसून सगळ्या वॉर्डाचे अर्ज भरले. हात मोडलेल्यांचे, चष्मा हरवलेल्यांचे, सगळ्यांचे मिळून एकोणीस. आणि ऑफिसातल्या बाईंना मीच सापडले, "आजी, पेशंटतर्फे बक्षीस तुमच्या हातून देऊ." मी फुलून गेले. सुनेकडून केस विंचरून घेतले, चांगलं लुगडं नेसले.

आणि धाकटे, स्टेजवर नाव पुकारलं ते कुणाचं? मोठ्या सिस्टरचं! कशासाठी, तर वॉर्डातलं चादरींचं कपाट कायम नीटनेटकं असतं म्हणून! तळपायाची आग मस्तकात गेली, वाटेत खुबा लागला तिथे जरा जास्तच पेटली. अगं, कपाट नीटनेटकं का असतं? ही बाई दिवसभर पोरींना रडवते आणि रडणाऱ्या पोरी घड्या घालतात म्हणून! म्हणजे हिचं काम तरी किती, ओरडायचं. शेजारी क्लार्क उभा होता, त्याला विचारलं, माझे एकोणीस अर्ज कुठे गेले? तर म्हणतो, आजी, ती बाई कंत्राटावर आहे, यादीत नाही, अर्ज बाजूला काढले. वर म्हणतो, तिचं कंत्राट या महिनाअखेर संपतंय, पुढे ठेवायचं की नाही ते ठरलेलं नाही. आणि समोर ती मावशी, शेवटच्या रांगेमागे उभी, खुर्च्या पुसायचं फडकं हातात, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती!

माझ्या हातात बक्षीस होतं. काचेचे दोन हात, एकमेकांत धरलेले, खाली लाकडी ठोकळा आणि पितळी पट्टी. सिस्टरने हात पुढे केले. मी ते वॉकरच्या पिशवीत घातलं आणि खाली उतरले. कुणी अडवायला धजेना. खुबा मोडलेल्या म्हातारीला हात कोण लावणार? फोटोवाल्याने मात्र माझे सहा फोटो काढले.

म्हणून आज सकाळी ही स्वारी. मागून तो क्लार्कही आला, दारातच घुटमळत. पुढच्या शुक्रवारी मोठे साहेब येणार, बक्षीस हातात घेऊन फोटो हवाय. मी म्हटलं, "घर शोधा. सापडलं तर न्या." क्लार्कने पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग सांगितलं, मावशीला ठेवल्याचा सही-शिक्क्याचा कागद आणा, बक्षीस घेऊन जा. सिस्टर ओरडायला गेली आणि बसली की गं रडत! इस्पितळाच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झाडलं होतं, म्हातारीकडून एक वस्तू सांभाळता येत नाही म्हणून.

मी काय करणार? दोरीवरच्या चादरी ओढल्या. म्हटलं, "ये गं, धर." चौथ्या चादरीला ती म्हणाली, "आजी, नवीन होते तेव्हा मीही धरली आहे हो, तिच्याबरोबर. पुष्कळ वेळा." माझा राग दुप्पट झाला. म्हटलं, "भवाने, मग स्टेजवर हे बोलायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" ती म्हणाली, कुणी विचारलंच नाही. पाचव्या चादरीला म्हणाली, कागदावर पहिली सही माझी, साहेबांची मी आणते. क्लार्क म्हणाला असा नियम नाही. त्याच्याही हातात चादरीचं एक टोक दिलं.

तुझी,
थोरली

ता. क. गेल्या बुधवारी भाच्याबरोबर पाठवलेल्या गाठोड्यात स्वेटर आहे म्हणाले होते. स्वेटर आहे, पण कशाभोवती गुंडाळलाय ते जपून उघड. एका काचेच्या बोटाचा टवका मी आधीच उडवलाय.

ता. क. दुसरा. तुझ्या नवऱ्याला सांग, दारांच्या पाट्या जन्मभर कोरल्या, आता एक मेव्हणीसाठी कोर. पितळी पट्टीवर सिस्टरचं नाव आहे, ते पुसू नको, पोरगी तशी वाईट नाही. त्याच्या वर जागा आहे, तिथे मावशीचं नाव घाल, मोठ्या अक्षरात. नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे, सिस्टरनेच लिहून दिलंय. मला ठाऊकच नव्हतं गं. एकवीस दिवस तिच्या हातचं पाणी प्याले आणि एकोणीस अर्जांवर नावाच्या जागी "कपाटाजवळची मावशी" असं लिहून आले. क्लार्कला बोलले ते बोलले, पण मी तरी कोण मोठी लागून गेले!

ता. क. तिसरा. येत्या बुधवारी भाच्याबरोबर परत धाड, चुकू नको. ते दोघं गुरुवारी दुपारी चारला येतो म्हणालेत, कागद घेऊन. मी चादरी धुवायला टाकल्यात.