रंभाबाईंच्या दारावरचं पाणी

ती. धर्मेशमामांना,

स्नेहाचा वाकून नमस्कार. समुद्रावरच्या मुक्कामात खोकला वाढला नाही ना? काढा घेत असाल असं धरून चालते.

मागच्या भेटीत तुम्ही विचारलंत, की पाण्यात पीएच.डी. करण्यासारखं अजून उरलंय तरी काय. तेव्हा मी रुसून बोईसरला निघून आले होते. आता सविस्तर सांगते.

आमच्या संस्थेने एप्रिलमध्ये डोंगरावरच्या एका पाड्याच्या विहिरीत पाण्याची पातळी दर तासाला टिपणारं परदेशी यंत्र सोडलं. ऑगस्टमध्ये यंत्राने कळवलं, विहीर कोरडी ठणठणीत. आमच्या सरांनी (माणूस विद्वान, पण विहिरीत कधी डोकावलेला नाही) लगेच देशातल्या भूजलाच्या भवितव्यावर निबंध घेतला लिहायला. तीन आठवड्यांत सोळा पानं झाली. मग मला वाटलं, एकदा जाऊन बघावं. विहीर काठोकाठ भरलेली, आणि यंत्र शेजारच्या रंभाबाईंच्या पडवीत मक्याच्या कणसांशेजारी टांगलेलं. "तुजं हिरीत पडलेलं, बाय," त्या म्हणाल्या. "पुसून ठेवलंय." इतक्या मायेने म्हणाल्या, की सोळा पानांचं मला काही बोलवेना.

त्यातच दिल्लीहून समिती येणार होती. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ती ठरवणार (तो गुंडाळला की त्यात मीही आलेच). त्यांना दहा वर्षांच्या नोंदी हव्या होत्या. आमच्याकडे चार महिन्यांच्या, त्यातही तीन आठवडे पडवीतले. मी तिथेच ओट्यावर बसून रडले. रंभाबाईंनी कोरा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि घराचं दार आतून लोटून दाखवलं. मागच्या बाजूला कोळशाच्या रेघाच रेघा. दर अमावास्येला दोर सोडून मोजलेलं पाणी, किती हात खाली ते. बारा वर्षांचं. कशासाठी, विचारलं. "पाणी नऊ हातांवर गेलं का आमी कामाला भायेर निघतो. ध्यान ठेवाया नको?"

मामा, याच बाईंना मी एप्रिलमध्ये अर्धा तास चित्रं काढून भूजल म्हणजे काय ते समजावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं, मध्ये एकदाही जांभई न देता.

समितीला मी दाराचे फोटो दाखवले. अध्यक्षांनी फोटोतल्या रेघा बोटाने मोजून पाहिल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, की हात कोणाचा. (रंभाबाईंचा. मधली दोन वर्षं नवऱ्याचा, तो चार बोटं लांब. फरक मी धरलाय.) प्रकल्पाला तीन वर्षं मिळाली. फक्त नोंदींची मूळ प्रत दाखल करायची आहे.

तुमची भाची,
स्नेहा

ता. क. मूळ प्रत म्हणजे दार. रंभाबाई द्यायला तयार आहेत, पण घर उघडं कसं टाकणार? बदली दार हवं. तुमच्या मागच्या पडवीचं सागवानी दार तिथे अगदी नेमकं बसतं.

ता. क. दुसरा. बसतं म्हणजे बसवलं. मामी हो म्हणाली. हे पत्र ज्या पडद्याला टाचलेलं सापडलं, तो तिच्या जुन्या लुगड्याचा आहे. जोरात ओढू नका.