कडेवर न घेतलेली नात

चिमणे,

काल तू बाळाला माझ्यापुढे धरलंस आणि मी हात मागे घेतले. "आईला नातीचं कौतुकच नाही," असं जाताना तू नवऱ्याला म्हणालीस. मी ऐकलं.

अगं, कौतुक आहे, पण भीती त्याहून मोठी आहे. गेल्या महिन्यात मी नुसती शिंकले आणि बरगडीला तडा गेला. तुला मात्र पाठ धरलीय म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, ड जीवनसत्त्व नावालाही नाही. कुठून असणार? उभा जन्म फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेला. आता गोळ्या घेते, सकाळी गॅलरीत उन्हाला बसते. पण बाळ हातात असताना मनगटानंच दगा दिला तर?

हे कळलं तर तू नोकरी सोडून इथे ठाण मांडशील, म्हणून हे पत्र उशीखालीच राहील.

वर्षभरात ती चालायला लागेल, मग तिला उचलावं लागणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते. ती आपणच धावत येईल आणि माझ्या पायांना मिठी मारेल. आज गॅलरीतून उठताना कठडा धरावा लागला. ती मिठी तरी मला सोसेल का गं?

तुझी भित्री
आई