हिमानीच्या नावाचं फोल्डर

उस्मानपुरा, औरंगाबाद
१२ मे २०१६

प्रिय हिमानी,

रविवारी फोनवर तू विचारलंस, मंदारच्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावाचं फोल्डर अजून आहे ना. दवाखान्यात जायच्या आधी त्यानं त्यात तुझ्यासाठी बोलून ठेवलंय. तो गेल्यापासून चौदा महिने ऐकायचं धाडस झालं नाही, आता नाशिकहून येऊन ऐकेन, म्हणालीस. मी 'आहे' म्हणालो आणि लगेच पाण्याचा विषय काढला. नळ सहाव्या दिवशी येतो, मागच्या नव्या इमारतींना तर टँकरच. मी फोनवर एवढं कधी बोलत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

कॉम्प्युटर फार मंद झाला होता. चालू करून चहा घेऊन आलो तरी गोल फिरतच असायचं. वर पडदा काळा आणि कोपऱ्यात सूचना, की ही विंडोजची प्रत अस्सल नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, पण ऑफिसचा एक कार्बन पेपर घरी आणला नाही. मंदारनं घातलेल्या त्या फुकटच्या विंडोजवरून आमचं वाजायचं, तुला आठवत असेल. क्रांती चौकापासून छावणीपर्यंत एक तरी लायसनवाला दाखवा बाबा, मिशी उतरवतो, असं म्हणायचा. तो गेल्यावर ती सूचना दिसली की वाटायचं, त्याला कोणी चोर म्हणतंय. म्हणून मागच्या महिन्यात लायसन विकत घेतलं आणि तुझ्या फोनच्या आधीच्या सोमवारी नवी विंडोज टाकायला दुरुस्तीवाल्या रामप्रसादला बोलावलं.

त्यानं दोनदा विचारलं. काका, सी ड्राइव्ह पुरा साफ होणार, काई ऱ्हायलं असंल तर आत्ताच सांगा, मंग माझ्या नावानं बोंबलू नका. मी म्हणालो, सगळं डी मध्ये आहे, यादी करून तपासलंय. कामाचं डी मध्ये ठेवायचं हे मंदारनंच शिकवलं होतं. तुझं फोल्डर पडद्यावर समोरच होतं. समोर दिसतंय तेही सी मध्येच असतं, हे मला माहीतच नव्हतं. सुनेच्या नावाचं पाकीट सासऱ्यानं उघडू नये, म्हणून त्याला कधी हातही लावला नव्हता.

अर्ध्या मिनिटात मशीन सुरू झालं. सूचना गेली. फोल्डरही दिसेना, पण प्रिंटरचं चिन्ह दुसऱ्या दिवशी परत आलं, तसं तेही येईल असं मी धरून चाललो. चार दिवस खुशीत काम केलं. कॉलनीच्या टँकरचा अर्ज टाइप केला, बासष्ट घरांची यादी केली, हाताशी असावी म्हणून पडद्यावर समोरच ठेवली, ती चारदा बदलली. त्या शुक्रवारी रामप्रसादला फोन करून विचारलं, फोल्डरचं चिन्ह कधी येणार. तो म्हणाला, काका, आधी प्लग काढा.

पुसलेलं काही दिवस तळाशी राहतं म्हणे, नवीन लिहिलं की त्याच्यावर पडतं. मंदारचं कोणतं वाक्य माझ्या टँकरच्या यादीखाली गेलं, मला सांगता येत नाही. हे सगळं मला रविवारी माहीत होतं, हिमानी. तरी मी 'आहे' म्हणालो.

शुक्रवारपासून मशीन बंद आहे. आईला वाटतं, वायर जळाली. पुण्यात असं पुसलेलं परत काढून देणारे आहेत. सगळं निघेल, तुकडे निघतील, किंवा काहीच नाही. पण नीट आलंय का पाहायला ते लोक प्रत्येक फाइल लावून ऐकतात. मंदार दार लावून बोलत होता तेव्हा माझ्या कानावर पडू नये म्हणून मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवला होता. ते परक्यांच्या कानी तुला न विचारता कसं घालू? डिस्क पाठवू, की तू माझ्याबरोबर पुण्याला येऊन तिथं समोर बसशील, की हात न लावता तशीच तुझ्याकडे देऊ? फोनवर विचारायला गेलो असतो तर पुन्हा पाण्याचंच बोललो असतो. रागाव, तुझा हक्क आहे. पण काय करू, ते मात्र कळव.

तुझाच,
बाबा