डिकीची काठी

शनिवार, संध्याकाळ

आमची जुनी जपानी स्टेशन वॅगन बघायला आज निफाडचे एक द्राक्षबागायतदार आले होते. इंजिन बघितलं नाही, टायर नाही. आधी मागची सीट पाडून सपाट करायला लावली, आणि चपला काढून स्वतःच आत आडवे झाले. पाय पसरूनही जागा उरली.

"बेस हाय," म्हणाले. "आईला बसवत नाय. आठवड्यातनं दोनदा नाशकाला दवाखान्यात झोपवूनच आणावं लागतं."

तेवढा वेळ आमचे हे डिकीच्या दाराला हात लावून हसत उभे. दार उचलून धरणारे दांडे कधीच गेलेत, सोडलं की धाडकन खाली येतं. रोज आम्ही काठीचा टेकू देतो. ती काठी पाहुणे यायच्या आधी तुळशीमागे लपवली कोणी? मीच. ह्यांनी सांगितलंही नव्हतं. तेच खुपतंय.

"विकताना कोण सांगतं?" हे म्हणतात. मागचा वायपर, छतावरचं कॅरियर, सगळं मी किती हौसेने दाखवलं! दाराबद्दल मात्र एक शब्द नाही.

आईला आत सरकवताना त्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असणार. मग दार कोण धरणार?

उद्या सकाळी ते आईलाच घेऊन येणार आहेत, झोपवून बघायला.

आत्ता कणीक तशीच टाकून उठले, तुळशीमागची काठी आणली आणि गाडीत ठेवली. त्या सपाट सीटवर, म्हातारी झोपेल तिथेच. डिकी उघडली की आधी तीच दिसेल.

ह्यांना सांगितलेलं नाही.