मॅडमना विचारून सांगते

प्रिय ताई,

"तुला हे जमेल कशावरून?" असं तू मागच्या फोनवर विचारलंस आणि मी फोन ठेवून दिला. रागावले नव्हते. खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. शर्टांच्या कारखान्यातली ऑफिसची नोकरी सोडून मला सात महिने झाले. भाड्याची एक खोली, एक मशीन, एक टेबल आणि दारावर स्वतःची पाटी, एवढं सगळं आहे. पण 'कशावरून' ते विचारशील, तर माहीत नाही. जे घडलं ते मात्र सांगते. हसशील, पण शेवटपर्यंत वाच.

त्या ऑफिसात चार वर्षं मी मापांचे तक्ते केले. लहान, मध्यम, मोठं. जगातली सगळी माणसं या तीन खोक्यांत कोंबायची आणि जी मावणार नाहीत ती आपली गिऱ्हाइकंच नाहीत. ज्यांच्या अंगाला बाजारातलं काही बसत नाही त्यांच्यासाठीच शिवायचं, असं मनाशी ठरवून मी बाहेर पडले. घरातली पहिली पदवीधर ना मी, तत्त्वं भरपूर! आणि पहिल्याच दिवशी फोनवर कुणा एका बाईंनी विचारलं, "कोट शिवता का?" तर माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मॅडमना विचारून सांगते."

कसल्या मॅडम आणि कसलं काय! पण ताई, ते इतकं सोपं वाटलं की दोन महिने मी त्या मॅडमच्या हाताखाली इमानेइतबारे नोकरी केली. मॅडम बाहेर गेल्या आहेत, मॅडम संध्याकाळी येतील, एवढं अवघड काम मॅडम घेत नाहीत. आपल्या घरात आजवर कोणी स्वतः आखलेल्या खुणेवर कात्री चालवलेली नाही. खूण दुसऱ्याची, कात्री आपली. बाबा गेल्यावर आई घरी शिवायला लागली, तेव्हापासून तिचं एकच सांगणं: "कापलेलं कापड परत येत नाही, दोन बोटं जास्त ठेव." ती दोन बोटं माझ्या बोलण्याचालण्यातही आली. कुठलंच पाऊल पुरतं टाकायचं नाही, माघारीची सोय ठेवायची. माझ्या त्या मॅडम म्हणजे दुसरं काय होतं?

मग एक दिवस चाकाच्या खुर्चीतून एक बाई आल्या, टायपिंगच्या निवृत्त शिक्षिका. मी टेप गळ्यात अडकवला, वही उघडली आणि सवयीने म्हणाले, "सरळ उभ्या राहा हं." म्हणाले आणि जीभ चावली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई मात्र खदखदून हसल्या. "पंधरा वर्षांत एवढ्या आदराने कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं ग मला," म्हणाल्या. मग त्यांनी अंगातला कोट दाखवला. पोटाशी कापडाचा ढीग, पाठीमागे आखूड, खांद्यावर ताण. उभ्या माणसाच्या मापाने शिवलेला कोट बसलेल्या माणसाला कसा होणार? त्या दिवशी मी जमिनीवर मांडी घालून त्यांची बसलेली मापं घेतली. मानेपासून बैठकीपर्यंतची पाठ, मांडीपर्यंतचं पोट, चाक फिरवताना कोपर किती मागे जातं ते. माझ्या चार वर्षांच्या तक्त्यांत यातलं एकही माप नव्हतं.

कापायची वेळ आली तेव्हा मी आईची दोन बोटं ठेवली. बाईंनी खडूची रेघ पाहिली आणि मान हलवली. पाठीखाली जास्तीचं कापड गोळा झालं की दिवसभर बसून कातडी सोलवटते, म्हणाल्या. मापाबरहुकूम कापायला हवं होतं. मी म्हणाले, मॅडमना विचारून सांगते. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या वर्गातल्या आवाजात बोलल्या, "मी थांबते. बोलव मॅडमना." मी दाराकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. खोलीत आम्ही दोघीच. "आल्या का?" बाईंनी विचारलं. ताई, मी दोन बोटं आत खडूची नवी रेघ मारली आणि कात्री उचलली. ती रेघ माझी होती आणि मी तिच्यावरूनच कापलं.

कोट असा बसला की बाईंनी खोलीत दोन गिरक्या घेतल्या. कुठे चुणी नाही, ताण नाही. दुसऱ्या दिवसापासून मॅडमना मी कायमची रजा दिली. फोन आला की "हो, मीच शिवते" असं म्हणते, आणि ते म्हणताना अजून पाठ ताठ होते. परवा बाई मला त्या रोज दिवसभर जिथे जातात त्या केंद्रात घेऊन गेल्या. तिथे बत्तीस जण चाकाच्या खुर्चीत बसणारे. प्रत्येकाला कोट हवा, प्रत्येकाचं माप वेगळं.

एकटीने हे होणार नाही, हे कळत होतं. तेव्हा तू आठवलीस. खरं तर तू सोळाव्या वर्षी शाळा सोडून मशीनवर बसलीस, ते विसरले कधी होते? तुमच्या कारखान्यात चौदा वर्षं तू डाव्या हाताने कटिंग करतेस आणि चौदा वर्षं सुपरवायझर तुला 'गोगलगाय' म्हणतो. तूही म्हणतेस, "माझा डावा हातच मंद, त्याला कोण काय करणार?" आम्हीही ते खरं मानलं. मागच्या आठवड्यात कात्रीला धार लावायला गेले, तर धारवाल्या काकांकडे एक उलटी कात्री दिसली. पाती उलट बसवलेली, डावखुऱ्यांसाठी. अशी असते हेच मला माहीत नव्हतं! गंमत म्हणून ती मी उजव्या हातात धरली आणि कापून पाहिलं. ताई, तीन इंचही सरळ कापता आलं नाही. पातं रेघ झाकत होतं, कापड दुमडत होतं, अंगठ्यात कड रुतत होती. तुझ्या अंगठ्यावरचा घट्टा आठवला. चौदा वर्षं तू उजव्या हाताच्या, म्हणजे तुला उलट्या पडणाऱ्या कात्रीने सरळ कापते आहेस आणि वर स्वतःलाच मंद म्हणतेस. मी तिथेच दुकानात रडले. काकांना वाटलं, बोट कापलं.

आता राग येणार असेल तर येऊ दे. ती कात्री मी घेऊन आले आहे. टेबल खिडकीच्या पलीकडच्या बाजूला ओढलं, म्हणजे उजेड तुझ्या उजवीकडून येईल आणि हाताची सावली रेघेवर पडणार नाही. केंद्राने दिलेल्या कोटांच्या कामाच्या कागदावर 'कटिंग कोण करणार' या रकान्यात काल तुझं नाव लिहून, सही करून दिलं. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आज सकाळी केंद्रातून फोन आला, कापायला कधी सुरुवात करणार म्हणून. मी सांगितलं, "मॅडमना विचारून सांगते." या वेळी ते खोटं नव्हतं.

तुझीच,
मागे मागे येणारी शेपूट