मोठ्या मनाने माफ करायची तयारी

३ मार्च, सकाळ
काल ग्रंथपालबाईंच्या घरी कंडोम फाटला. अशा वेळी पुरुषाने डोकं शांत ठेवायचं असतं. ठेवलं. "काही होत नाही," असं दोन-तीनदा म्हणालो. ती म्हणाली, सकाळी डॉक्टरकडे जाऊ, दोघंही. म्हटलं, माझे क्लास आहेत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला रजा नसते.

दुपार
तिचा फोन. गर्भ राहू नये म्हणून गोळी घेतली, रक्त दिलं. माझी तपासणी कधी झाली होती, असं डॉक्टरांनी विचारलं, तिला सांगता आलं नाही. म्हणून एचआयव्ही टाळायच्या गोळ्याही सुरू केल्या. महिनाभर घ्यायच्या. तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तरच उपयोग, तेव्हा तूही आजच जा, म्हणाली. उगाच घाबरते. उद्या नक्की.

४ मार्च
राहून गेलं. एका शिकाऊ काकांनी रिव्हर्समध्ये गाडी भिंतीला टेकवली. मन थाऱ्यावर नसताना रक्त देऊ नये.

५ मार्च
दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत ताईची मैत्रीण बसलेली. शेजारच्या दुकानातून खोकल्याचं औषध घेऊन परत. खोकला नाही. मी ताईकडेच राहतो, तिने विचारलं, जेवत का नाहीस? म्हटलं, डाएट.
पण ग्रंथपालबाईंना तपासणीची एवढी घाई का? पाणी कुठंतरी मुरतंय. तिला काही निघालंच, तर मोठ्या मनाने माफ करीन. ठरलं.

७ मार्च
गेलो एकदाचा. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. आधी कुणाशी संबंध? नाही, म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग गेल्या वर्षी ट्रेनिंगला गेलो होतो तिथलं सांगितलं. कंडोम? "ओळखीची होती," म्हणालो. ओळख बसमध्ये झाली होती.
एचआयव्हीच्या त्या गोळ्या सुरू करायची मुदत टळली म्हणे. आज तपासू, दीड महिन्याने पुन्हा. रक्त काढताना चक्कर आली. उपाशीपोटी होतो म्हणून.

१० मार्च
एचआयव्ही आज तरी निगेटिव्ह. सिफिलिस पॉझिटिव्ह.
बघा! मी लगेच म्हणालो, तिच्याकडूनच आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाच दिवसांत हा रक्तात दिसत नाही. तुमचा जुना आहे. मध्ये अंगावर पुरळ आलं होतं का?" आलं होतं. मी साबण बदलला होता.
इंजेक्शनने बरा होतो. कमरेत दिलं. बसवत नाही. "त्यांना आजच सांगा, त्यांनाही उपचार लागतील. आणि त्या आधीच्या बाईंनाही."

संध्याकाळ
वाचनालयात गेलो. ती परत आलेली पुस्तकं लावत होती. सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मी तुला कोणत्या दिवशी सांगितलं होतं जा म्हणून?" तिने पर्स घेतली, काउंटर दुसऱ्या बाईंकडे दिला. सोबत येतो म्हणालो. "नको. तू त्या दुसरीला फोन कर."
ताईला कळू नये म्हणून त्या बसमधल्या बाईचा नंबर 'प्लंबर' नावाने ठेवला होता. दोन प्लंबर निघाले. पहिला खरा. काय तुंबलंय, विचारत होता. सांगता येईना. सकाळी येतो म्हणाला.
दुसऱ्या नंबरवर बोट ठेवून उभा आहे.