गोलाच्या मधोमध

बाबा, मी बास गिटार वाजवतो. चार जाड तारांचं हे वाद्य असलं तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसलं तर सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. डहाणूच्या आमच्या रॉक बँडमध्ये मी कायम मागे, ड्रमवाल्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभा असायचो. तू पाहिलं असतंस तर कान पिळला असतास. आपल्या गावी, गंजाडला, भात कापून झालं की तू भोपळ्याचा तारपा फुंकायचास आणि अख्खा पाडा तुझ्याभोवती फेर धरायचा. एकदा कासा गावाकडून जीप आली म्हणून मी नाचता नाचता वळून तिकडेच बघत राहिलो. कधी न थांबणारा तू थांबलास. "वाजवणाऱ्याला पाठ नाय करायची," म्हणालास. "पाठ दिसली का वाटतं, चाल पोचलीच नाय." मी रडवेला झालो, तर घरी जाताना खांद्यावर घेतलंस. दुसऱ्या वर्षी तू गेलास.

२०१७ साली मी पहिलं गाणं केलं. जीपच्या टपावर बसून बाजारला जाणाऱ्या आपल्या माणसांचं. आमच्या बँडचा गायक स्वभावानं चांगला, पण त्याला गाण्यात वर चढायला जागा लागते. "अरे, हे एकाच सुरावर बसलंय," तो म्हणाला. "तलासरीच्या कार्यक्रमात तूच गा. लोक उठून गेले तर पुन्हा तुझ्या गाण्यांचं नाव काढायचं नाही."

तलासरीचं मैदान, संध्याकाळ. मी लोकांकडे तोंड करून गायला लागलो. दुसऱ्या कडव्याला लोक खरंच उठले. झालं, म्हटलं, गेलं आपलं गाणं. पण ते जात नव्हते. बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घातले, बाप्ये जोडले गेले, फेर धरला आणि तो तसाच अडला. एक म्हातारी माझ्यावरच ओरडली, "खाली उतर रं पोऱ्या! मदी कोणी नाय तं फिरायचं कोणाभवती?"

मी उतरलो. तिसऱ्या पावलाला गिटारची वायर संपली. गिटार स्टेजच्या कडेला ठेवली आणि ड्रमच्या ठेक्यावर नुसत्या गळ्यानं गायलो. जिकडे वळावं तिकडे चेहरेच, पाठ एकाचीही नाही. तुझी इतकी आठवण आली की एक ओळ दोनदा म्हटली.

नंतर म्हातारीनं विचारलं, "कोणाचा तू?" ती गंजाडचीच, लग्न होऊन इकडे आलेली. तुझं नाव सांगितलं, तर तिनं माझी हनुवटी धरली. "तरीच! तुज्या बापसाचीच चाल ना ही? नाचलेय मी हिच्यावर." मी मान डोलावली. शेजारी उभ्या गायकानं गुपचूप माझी गिटार उचलून पिशवीत घातली.

आता बँड माझीच गाणी जास्त वाजवतो. हा कागदही त्या पिशवीतच राहील, पाठवायचा कुठे? तुझा ओरडा मला आठवतो, तुझा खांदा आठवतो, अंगाला येणारा ताडीचा वास आठवतो. चाल तेवढी आठवत नाही, बाबा. हे मला तिला सांगवलं नाही.